आरव्ही-१२आयएस किट: निवृत्तांच्या हातांना झेपणारं विमान, पण तीन जागी घाम काढणारं

घरी बांधायच्या विमानांची किटं विकणाऱ्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या बहुतेक किटांना दोन माणसं आणि एक न थकणारा खांदा लागतो. आरव्ही-७, आरव्ही-९, आरव्ही-१४ या विमानांत भरीव रिव्हेटं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळी, ठोकावी लागतात. एकाने बाहेरून रिव्हेट गन धरायची, दुसऱ्याने आतून पोलादी ठोकळा दाबून धरायचा आणि दोघांनी एका लयीत काम करायचं. आरव्ही-१२आयएसमध्ये जवळजवळ सगळी रिव्हेटं ओढायची आहेत. भोकात रिव्हेट घाला, पुलरचा खटका दाबा, दांडी तुटली की झालं. पत्र्याच्या मागे कोणाचा हात लागत नाही. साठी ओलांडलेल्या आणि एकट्याने काम करणाऱ्या माणसाने या किटचा विचार करावा तो मुख्यतः याच कारणासाठी.

वेगासाठी मात्र करू नये. क्रूझ म्हणतात तो आरामाचा वेग ११५ ते ११९ नॉट्स, कमाल वजन ६०० किलो, शंभर अश्वशक्तीचं रोटॅक्स ९१२ आयएस इंजिन, शेजारी-शेजारी दोन आसनं, सव्वाआठ मीटरच्या आतबाहेर पंखविस्तार. फ्लॅप (उतरताना वेग कमी ठेवणारी पंखाची झडप) आणि एलेरॉन (विमान कलतं करणारी झडप) वेगळे नाहीत, एकच फ्लॅपेरॉन दोन्ही कामं करतो. मागचा आडवा पंख अख्खाच हलतो. मुख्य पंख दोन पिना काढून उतरवता येतात, त्यामुळे हँगर भाड्याने मिळत नसेल तर विमान ट्रेलरवर घालून नेण्याची सोय आहे. दोन माणसं असली तर पंख काढणं हे काही मिनिटांचं काम. दर आठवड्याला हे करत बसणारे फारच थोडे, पण घरच्या गॅरेजमधून धावपट्टीपर्यंतचा पहिला प्रवास या रचनेमुळे फार सोपा होतो.

वजनाचं गणित आधीच मांडून ठेवावं. रिकामं विमान साधारण ३५० किलोच्या आसपास भरतं. उरले २५०. टाकी २० अमेरिकन गॅलनची, म्हणजे ७५ लिटर, म्हणजे पेट्रोलचे ५४ किलो. आता १९६ राहिले. नव्वद-नव्वद किलोची दोन माणसं बसली की सामानाला १६ किलो, जरी सामानाच्या जागेची मर्यादा २२ किलोंच्या वर असली तरी. इंजिन तासाला १६ ते १९ लिटर पितं, त्यामुळे टाकी अर्धी ठेवली तर राखीव इंधन ठेवून दीड तासाची फेरी जेमतेमच बसते. बांधताना "हे एवढंसं तर आहे" म्हणून घातलेली प्रत्येक वस्तू या १६ किलोंतून वजा होते: जाड कार्पेट, चामड्याच्या गाद्या, रंगाचा तिसरा थर. जोडीदार दोघेही वजनदार असतील तर हे किट घेऊच नये. नंतर पश्चात्ताप करण्यापेक्षा वजनकाट्यावर आत्ताच उभं राहावं.

कंपनीबद्दल थोडक्यात. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन यांनी १९७३ मध्ये सुरू केलेली ही कंपनी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, ऑरोरा इथे आहे. तिची हजारो विमानं उडताहेत, आणि घरी बांधायच्या विमानांत एवढा मोठा गोतावळा दुसऱ्या कोणाचा नाही. अडलं तर आधी कोणीतरी तिथेच अडलेलं असतं, हा या किटचा न छापलेला भाग. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर ११ खाली अर्ज केला होता. लेसरने कापलेल्या भोकांच्या कडांना डिंपल करताना (रिव्हेटाचं डोकं सपाट बसावं म्हणून भोकाभोवती खळगा दाबताना) तडे जाण्याचा प्रश्न त्यामागच्या कारणांपैकी एक होता. २०२४ मध्ये कंपनी त्यातून बाहेर आली, किमती वाढवून. यातून खरेदीदाराने एवढंच घ्यावं की सगळे भाग एकदम मागवू नयेत, आणि त्या काळातलं अर्धवट किट जुन्या मालकाकडून घेत असाल तर प्रत्येक भाग कधी बनला आणि बदलून मिळाला का याचे कागद मागावेत.

किट टप्प्यांनी येतं: शेपूट आणि मागचं निमुळतं धड, पंख, मुख्य धड, फिनिशिंग, इंजिन आणि शेवटी एव्हिओनिक्स, म्हणजे स्क्रीन आणि इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणं. शेपूट मागवून ते पूर्ण करावं आणि मगच पुढचा निर्णय घ्यावा. हे काम आवडतं की नाही, हे शेपटीतच कळतं. इंजिन आणि स्क्रीन शेवटी मागवण्यामागे निव्वळ पैशांचा हिशेब नाही. रोटॅक्सच्या रबरी भागांना तारखेचं आयुष्य असतं, वॉरंटीला मुदत असते, आणि स्क्रीनची पुढची आवृत्ती दोन वर्षांत येतेच. खोक्यात पडून राहिलेलं इंजिन हे या छंदातलं सगळ्यात महाग शोभेचं फर्निचर.

खोकं आलं की यादी घेऊन बसा आणि प्रत्येक भाग मोजा. एकदम चार दिवस काढा, घाई नको. कमी पडलेला भाग लगेच कळवला तर येतो, वर्षाने कळवला तर विकत घ्यावा लागतो. रिव्हेटं एकेक मोजू नयेत. शंभर मोजून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि पिशवीच्या वजनाला भागा. बऱ्याच रिब (पंखाला आतून आकार देणाऱ्या बरगड्या) डाव्या-उजव्या अशा असतात आणि पहिल्या नजरेला सारख्याच दिसतात. छापलेला क्रमांक पुसला जाण्याआधी मार्करने मोठा लिहून ठेवा, पेन्सिलने नव्हे. पेन्सिलीतलं ग्राफाइट ॲल्युमिनियमला गंज लावतं.

आता हत्यारं. ओढायची रिव्हेटं आहेत म्हणून हत्यारं अगदी थोडी लागतात असं नाही. हवेवर चालणारा रिव्हेट पुलर घ्याच. हाताचा पुलर अवघड कोपऱ्यांसाठी ठेवा, पण हजारो रिव्हेटं हाताने ओढायचा हट्ट धरला तर पंखाच्या आधी अंगठ्याचा सांधा संपेल. तीन-चार किलोग्रॅम दाबाचा साधा कॉम्प्रेसर पुरत नाही, सहा बारपर्यंत टिकून राहणारा हवा. क्लेको, म्हणजे रिव्हेटाआधी पत्रे तात्पुरते धरून ठेवणारे स्प्रिंगचे चिमटे, १/८ इंची तांबट रंगाचे २०० ते ३०० आणि ३/३२ इंची चंदेरी ५० तरी. क्रमांक ३० आणि ४० चे ड्रिल बिट डझनाच्या भावात. पत्र्याच्या कडा गुळगुळीत करायला बेंच ग्राइंडरवर स्कॉच-ब्राइटची चकती. हिच्यासारखं वेळ वाचवणारं दुसरं काही नाही. हाताचा स्क्वीझर लागतो, कारण नटप्लेट (पत्र्याला कायम जोडलेले नट) आणि काही जोडांना थोडी भरीव रिव्हेटं आहेतच. डिंपलचे साचे घेताना नीट पाहा: ओढायच्या सपाट डोक्याच्या रिव्हेटांचा कोन १२० अंशांचा, तर भरीव ॲव्हिएशन रिव्हेटांचा १०० अंशांचा. दोन्ही साचे एका डब्यात ठेवले तर एक दिवस चुकीचा हातात येणार. मग रिव्हेट बसतं, वरून बरं दिसतं आणि खाली पोकळ राहतं.

टॉर्क पाना इंच-पाउंडांचाच घ्या. एएन३ मापाच्या बोल्टला २० ते २५ इंच-पाउंड, एएन४ ला ५० ते ७०, आणि सेल्फ-लॉकिंग नट असेल तर नट मोकळा फिरवायला लागणारा जोर त्यात मिळवायचा. गाडीच्या कामाचा फूट-पाउंडांचा पाना या आकड्यांवर लावला तर बारापट जोर पडतो आणि बोल्ट ताणला जातो. तुटला तर बरंच, कारण न तुटता ताणलेला बोल्ट दिसत नाही.

पुस्तिका हा या किटचा खरा हिरो. भोकं कारखान्यातून अंतिम मापाची पाडून येतात. बहुतेक ठिकाणी ड्रिल करून मोठी करायची नसतात. पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे भार पेलणारी लांब तुळई, तयार रिव्हेट करून येतो. काय आधी, काय नंतर, कुठलं रिव्हेट, कुठलं भोक आत्ता रिकामं ठेवायचं, हे पायरीपायरीने सांगितलेलं आहे. चिकित्सक माणसाला हे जाचतं. इंजिनिअर म्हणून तीस-पस्तीस वर्षं काढलेले लोक इथेच सगळ्यात जास्त चुका करतात, कारण पान पूर्ण न वाचता "हे असंच असणार" म्हणून पुढे जातात. पायरी ७ मध्ये लावलेलं रिव्हेट पायरी ११ मधला ब्रॅकेट बसू देत नाही, आणि तसं पुस्तिकेत लिहिलेलंही असतं. तक्रार करायचीच तर दोन गोष्टींची. आकृत्या लहान आहेत, वयाच्या डोळ्यांना कागदावर त्रास होतो, म्हणून टॅबलेटवर मोठ्या करून पाहाव्यात. आणि सुधारित पानं अधूनमधून निघतात, ती स्वतः तपासून बदलावी लागतात. नवा विभाग सुरू करण्याआधी त्या विभागाची सुधारणा आली आहे का, ते बघण्याची सवयच लावा.

रिव्हेट ओढणं सोपं, पण नीट ओढणं शिकावं लागतं. किटचं मुख्य रिव्हेट एलपी४-३ नावाचं, १/८ इंच व्यासाचं. पुलरचं नाक पत्र्याला अगदी काटकोनात आणि डोक्यावर घट्ट टेकलेलं हवं. हात थकला की पुलर खाली झुकतो, डोक्याची एक कड उचलली जाते आणि नखाने जाणवते. कागदाचा तुकडा डोक्याखाली सरकत असेल तर ते रिव्हेट काढायचं. दुसरी अडचण अरुंद कोपऱ्यांची: रिबची कड आडवी येते आणि पुलर सरळ बसत नाही. त्यासाठी छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याला तिरकी कड घासून त्यात भोक पाडायचं. ही पाचर रिव्हेटाच्या डोक्यावर ठेवली की पुलर तिरका धरला तरी दाब सरळ पडतो. पुस्तिकेत ही युक्ती दिली आहे. अशा चार-पाच पाचरा वेगवेगळ्या कोनांच्या करून ठेवाव्यात.

रिव्हेट काढताना बहुतेक नुकसान होतं ते अख्खं रिव्हेट ड्रिलने खणून काढण्याच्या नादात. आधी मधली दांडी बारीक पंचाने मागे ठोकून काढा, कारण ती पोलादी आहे आणि ड्रिलला बाजूला ढकलते. मग क्रमांक ३० च्या बिटाने फक्त डोकं सुटेपर्यंत ड्रिल, डोकं पंचाने कलतं करून उडवायचं, उरलेलं शरीर हळूच मागे ढकलायचं. खालचा पत्रा मोठ्या वॉशरवर किंवा लाकडावर टेकलेला असू द्या. बंद पोकळीत तुटलेली दांडी पडून राहिली तर आयुष्यभर खुळखुळते. म्हणून पंखाचं शेवटचं आवरण लावण्याआधी पंख उभा करून हलवून पाहा, चुंबकाने चाचपून पाहा. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, दांडी चिकटते.

पत्र्यावरचा निळा प्लास्टिकचा थर तसाच ठेवून वर्षभर काम करण्याची चूक सर्रास होते. खालचा पत्रा ओरखड्यांपासून वाचतो खरा, पण ओल अडकली तर त्याच थराखाली गंजही सुरू होतो आणि चिकटलेला थर नंतर सोलता सोलत नाही. रिव्हेटांच्या ओळींवरून सोल्डरिंगच्या गरम टोकाने पट्टी काढा, बाकीचा थर काही महिन्यांत. कटरच्या पात्याने पट्टी कापू नये. पात्याची रेघ २०२४-टी३ च्या वरच्या शुद्ध ॲल्युमिनियमच्या थरातून आरपार जाते आणि पुढे तडा तिथूनच सुरू होतो. आतून प्रायमर मारावा का, यावर भांडणं होतात. खाऱ्या हवेच्या जागी जिथे पत्र्यावर पत्रा बसतो तेवढ्याच भागांना पातळ थर पुरे. सगळं आतून रंगवण्याने वजन वाढतं, काम दुप्पट होतं आणि दुर्गंध शेजाऱ्यांपर्यंत पोचतो.

शेपूट, धड आणि पंख यांत यापलीकडे फारसं अवघड काही नाही. मागच्या निमुळत्या धडाच्या आत काही रिव्हेटं आणि केबलच्या जोडण्या आडवं पडून कराव्या लागतात. पातळ गादी, डोक्यावरचा दिवा आणि कमरेला विश्रांती, एवढं धरून चाला. आतमध्ये एकट्याने चढण्याआधी घरात कोणाला तरी सांगून ठेवावं.

अवघड आहेत ते तीन भाग, जिथे कारखान्याची भोकं संपतात आणि तुमचा हात सुरू होतो. पहिली टाकी.

टाकी सीटच्या मागे धडातच असते आणि ती जोडून सील करण्याचं काम बांधणाऱ्याचं. दोन घटकांचं पॉलिसल्फाइड सीलंट वजनाने १० ला १ या प्रमाणात मिसळायचं. अंदाजाने नाही, दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. कठीण करणारा घटक कमी पडला तर सीलंट आठवड्यानेही चिकटच राहतं आणि पुढे पेट्रोलमध्ये विरघळून फिल्टरमध्ये येतं. नेहमी वापरात असलेल्या प्रकाराला हाताळायला सुमारे दोन तास मिळतात. खोली गरम असली तर त्याहून कमी. एका वेळी ४०-५० ग्रॅमच मिसळा. जोडाचे दोन्ही पृष्ठभाग मरून रंगाच्या स्कॉच-ब्राइटने खरवडून मंद करा, एमईके या द्रावकाने पुसा, आणि कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. पुसल्यावर उघड्या बोटाने हात लावला तर पुन्हा पुसा. हातमोज्यांच्या तीन-चार जोड्या एकावर एक घालून वरची एक काढत गेलं की काम अडत नाही. प्रत्येक रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून भोकात घालायचं, आणि दांडीतून गळू नये म्हणून ओढल्यावर आतून त्याच्या टोकावर सीलंटची टोपी चढवायची. टाकीच्या गळतीत बाहेरचा जोड क्वचितच दोषी निघतो. फिटिंगच्या तळाशी, इंधनपातळी दाखवणाऱ्या सेन्सरच्या गास्केटपाशी आणि कोपऱ्यात, जिथे तीन पत्रे भेटतात, तिथेच बहुतेक वेळा गळतं.

चाचणीला फुगा. टाकीची सगळी भोकं बंद करून एकावर फुगा बसवा आणि हलकी हवा भरा. १ पीएसआयच्या वर जाऊ नका, पंपाने जोरात भरली तर चांगले जोडही फाटतात. मग साबणाचं पाणी. इथे लोक हकनाक घाबरतात: रात्री खोली थंड झाली की फुगा मलूल होतो आणि हवेचा दाब बदलला तरी तसंच होतं. सकाळी फुगा खाली बसलेला दिसला म्हणजे गळती आहे असं नाही. तापमानाची नोंद ठेवून त्याच तापमानाला पुन्हा तपासा. बुडबुडे दिसले तरच गळती. सीलंट घट्ट झाल्यावर टाकी आतून व्हॅक्यूम करा, पेट्रोलने हलवून धुवा आणि पहिल्या काही तासांच्या उड्डाणांनंतर फिल्टर उघडून बघा. ९१२ आयएसला इंजेक्शनसाठी सुमारे ३ बार दाबाचं स्वच्छ इंधन लागतं, आणि सीलंटचे कण कार्बोरेटरवाल्या इंजिनापेक्षा इथे जास्त नडतात.

दुसरा भाग कॅनॉपी, म्हणजे आसनांवरचं पारदर्शक झाकण. ॲक्रिलिक थंड असेल तर तडकतं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी हिवाळ्यात गॅरेजमध्ये कापायला घेतलं जातं. खोली २१ अंश सेल्सियसच्या वर, शक्यतो २५ च्या पुढे, आणि कॅनॉपी त्या खोलीत आदल्या रात्रीपासून. कापायला करवत नको, घासून कापणारी चकती. कापलेली कड लगेच ८० पासून सुरुवात करून ४०० च्या कागदापर्यंत गुळगुळीत करायची. कडेवरची एक बारीक खाच महिन्याभरानंतर हातभर तडा देऊ शकते. भोकांसाठी ॲक्रिलिकचा खास बिट, ज्याचं टोक पत्र्याच्या बिटासारखं ओढून घेत नाही. भोकं मापाने थोडी मोठी, कारण ॲक्रिलिक उन्हात धातूपेक्षा कितीतरी जास्त पसरतं. स्क्रू घट्ट पिळायचे नाहीत. एक गोष्ट भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते: स्क्रू सुटू नयेत म्हणून लावायचं द्रव लॉकिंग औषध ॲक्रिलिकला लागलं की तिथून केसासारख्या भेगा पडतात. ॲसिटोन आणि थिनरचंही तेच. कॅनॉपीजवळ त्या बाटल्याच उघडायच्या नाहीत.

कॅनॉपी बसवण्यात बहुतेकांचे तास अंदाजापेक्षा जास्त जातात. पुढच्या बाजूला उचलून उघडणारी ही रचना दिसायला सुरेख आहे, पण बंद केल्यावर मागच्या खिडकीशी कड जुळणं, पावसाचं पाणी आत न येणं आणि हँडल हलकं चालणं या तिन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. घट्ट सील लावला तर हँडल जड होतं. आधी सीलशिवाय कड जुळवा, मग सीलची जाडी ठरवा.

तिसरा भाग फायबरग्लासचा: काउल, म्हणजे इंजिनाचं आवरण, आणि चाकांची आवरणं. इंजिनाचं काउल कारखान्यातून ओळ आखून येतं, पण ती ओळ शेवटची समजू नका. ओळीच्या दोन-तीन मिलिमीटर बाहेर कापून घासत घासत आत यायचं. स्पिनर (पंख्याच्या मध्यावरची टोकदार टोपी) आणि काउल यांच्यातली फट शेवटी सारखी हवी, पण इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं आणि त्याच्या भाराने नाक थोडं खाली बसतं. त्यासाठी फट वर थोडी कमी ठेवणं शहाणपणाचं. पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतातच. रंगाचा जाड थर देऊन ती बुजत नाहीत. पातळ इपॉक्सी पट्टीने घासून चेपायचं, सुकल्यावर घासायचं आणि पुन्हा. काच-तंतूंच्या धुळीसाठी मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा.

इंजिन बसवणं तुलनेने सुखाचं. तारांचे जुडगे तयार करून येतात, पुस्तिका नळी-नळीची जागा सांगते. पण पहिल्यांदा चालू करण्याआधी रोटॅक्सच्या सूचनेप्रमाणे तेलाच्या मार्गातली हवा काढणं टाळू नका. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये हवा राहिली की व्हॉल्व्हच्या यंत्रणेला पहिल्याच मिनिटांत मार बसतो. तेल मोजण्याआधी प्रज्वलन बंद करून पंखा (प्रोपेलर) हाताने त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवायचा; तेलाच्या टाकीतून बुडबुड आवाज आला की तेल परत आलं. उलट दिशेने फिरवू नये, हवा शिरते. उड्डाणाआधी तेलाचं तापमान ५० अंशांवर यायला हवं. आयडल १,४०० आरपीएमच्या खाली नको, गिअरबॉक्स थरथरतो. कमाल ५,८०० आरपीएमला फक्त पाच मिनिटं, सलग ५,५००. पंख्याचा कोन जमिनीवर बदलता येतो. सपाट उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला ५,५०० ते ५,८०० च्या मधे कुठेतरी येईल असा बसवा.

आयएस इंजिनाला वीज लागते. दोन स्वतंत्र कॉम्प्युटर लेन, दोन जनरेटर अशी दुहेरी व्यवस्था आहे, पण बॅटरी आणि अर्थिंगचे जोड ढिले असले तर ही सगळी हुशारी निकामी. अर्थचा प्रत्येक जोड रंग खरवडून उघड्या धातूवर घ्या आणि ओढून बघा.

आता परवान्याची बाजू, अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे. हे विमान दोन प्रकारे नोंदवता येतं. एक्स्पेरिमेंटल लाइट-स्पोर्ट म्हणून नोंदवायचं तर आराखड्याप्रमाणेच बांधायचं, स्वतःचा एकही बदल नाही. मोबदल्यात कंपनीचं अनुरूपतेचं प्रमाणपत्र मिळतं, निम्म्याहून अधिक काम स्वतः केल्याचा पुरावा द्यावा लागत नाही आणि चाचणी-उड्डाणांचा टप्पा पाच तासांचा असतो. एक्स्पेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट म्हणून नोंदवायचं तर ५१ टक्क्यांचा नियम, फोटो आणि नोंदवही, आणि या इंजिनासह चाचणीचे ४० तास. बदल करायची मोकळीक हवी असेल तरच हा मार्ग. वार्षिक तपासणीची सही करण्याचा अधिकार पहिल्या मार्गात १६ तासांच्या प्रशिक्षणाने मिळतो, दुसऱ्यात मुख्य बांधणाऱ्याला अर्ज करून.

वैद्यकीय प्रमाणपत्राबाबत जुना युक्तिवाद आता तितकासा लागू नाही. गाडीच्या परवान्यावर स्पोर्ट पायलट म्हणून उडता येतं, हे आरव्ही-१२ घेण्याचं मोठं कारण होतं. पण एफएए या अमेरिकी विमान-नियामक संस्थेच्या मोझेक नियमांनी २२ ऑक्टोबर २०२५ पासून स्पोर्ट पायलटची मर्यादा वाढवून फ्लॅपविना ५९ नॉट्स स्टॉलपर्यंत (ज्याखाली विमान हवेत टिकत नाही तो वेग) नेली आहे. आरव्ही-९ए सारखं विमानही त्यात बसतं. ते अधिक वेगवान, अधिक सामान नेणारं, पण भरीव रिव्हेटांचं आणि दुपटीच्या जवळ जाणाऱ्या तासांचं. कंपनीचा आरव्ही-१२आयएससाठीचा अंदाज ७०० ते ९०० तासांचा आहे. आठवड्याला वीस तास दिले तर कागदावर दहा महिने. भागांची वाट पाहणं, टाकी वाळणं, थंडीत कॅनॉपी थांबणं आणि गुडघेदुखीचे आठवडे धरले तर दीड ते दोन वर्षं म्हणा. सत्तरीच्या आत हवेत जायचं असेल आणि मदतीला दुसरा माणूस नसेल, तर मी अजूनही आरव्ही-१२आयएसच सांगेन. दोन माणसं असतील, हात मजबूत असतील आणि दूरच्या प्रवासाची हौस असेल तर आरव्ही-९ए पाहा.

खरेदीच्या हिशेबात एक खर्च नेहमी राहून जातो. रोटॅक्सच्या नळ्या, रबरी माउंट आणि तत्सम भाग दर पाच वर्षांनी बदलावे लागतात, इंजिन दोनशे तास चाललेलं असो वा हजार. शिशाचं विमान-इंधन वापरलं तर तेल लवकर बदलावं लागतं, म्हणून जवळच्या धावपट्टीवर बिनशिशाचं योग्य ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं का, ते इंजिनाची ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या.